खबर देणाऱ्याचा रकाना

सकाळचे ऊन या खोलीत थेट येत नाही. आधी ते समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पडते, तिथून परतून खिडकीच्या जाळीतून आत शिरते, आणि येईपर्यंत त्यातली धग निवालेली असते. प्रथम ते कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टेकते. मग टेबलाच्या कडेवरून, वाळलेल्या डिंकाच्या बाटलीवरून, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने फरशीवर उतरते. माझ्या फळीपर्यंत ते पोहोचले, की माझ्या पाठीवरचा क्रमांक तेवढ्यापुरता वाचता येतो. मग ऊन पुढे सरकते, आणि मी पुन्हा कापडी पाठीचा एक जाड ठोकळा होते.

मित्रांनो, मी मृत्यूंची एक जुनी नोंदवही आहे. बारा वर्षांत या गावात जे जे गेले, ते माझ्यात आहेत. बांधणाऱ्याने मला दुहेरी दोऱ्याने शिवले आणि म्हणाला, "ही माणसांपेक्षा जास्त टिकेल." माझा पहिला कारकून लेखणी टेकवण्यापूर्वी हात पुसून घेई. तपासणीला आलेल्या साहेबांनी अक्षराचे कौतुक केले, तेव्हा मी फुशारून गेले होते. अक्षर माझे नव्हते आणि मरणेही माझी नव्हती, हे फार उशिरा कळले. पुढे नव्या वह्या आल्या. माझ्यावर चहाचे पेले टेकू लागले, छतातला नळ गळू लागला, आणि माझ्या समासांना कसर लागली.

पण खरा वैताग कसरीचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे. ते पूर्वज शोधायला येतात, बोटाला थुंकी लावून पाने उलटतात, नावाचा रकाना पाहतात आणि वही मिटतात. ओळ शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याचे नाव आणि सही असते. मेलेल्याच्या ओळीत तेवढे एकच माणूस जिवंत असते.

या वर्षी एक शिक्षिका आली. घराण्याचा इतिहास लिहायला तिने एक वही सुरू केली होती आणि त्यात आजीची जागा कोरी होती. वडील तीन वर्षांचे असताना, तापाच्या साथीत, आजी गेली, एवढेच तिला ठाऊक होते. वडिलांचे डोळे अधू होत चालले होते. ते पुरते जाण्याआधी त्यांच्या आईचे नाव त्यांना एकदा लिहिलेले दाखवावे, हा तिचा ध्यास.

"बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली बघा, ताई," कारकून म्हणाला.

तिने माझ्या शेवटी जोडलेल्या सूचीत आजोबांचे नाव शोधले. नव्हते. साथीच्या वर्षाची सगळी पाने चाळली. नव्हते. चिकटलेली दोन पाने पातळ पट्टीने सोडवली, तिथेही नव्हते.

"कसरीनं खाल्लं असेल," कारकून जांभई देत म्हणाला.

माझ्यावर असा आळ! मी एकही ओळ गमावली नव्हती. तिची आजी माझ्यात होती, पण साथीच्या वर्षात नव्हे. अकरा वर्षे पुढे. तिच्या ओळीत पतीचे नाव लिहिलेलेच नव्हते. असा रकाना रिकामा दिसला, की सूची करणारा त्या ओळीत जे पहिले पुरुषाचे नाव सापडेल, ते बिनदिक्कत चढवून मोकळा होई. मला हे ठाऊक होते, आणि मला स्वतःचे पानसुद्धा उलटता येत नाही. दोन खेपा ती हात हलवत परत गेली. दोन्ही वेळा मी मिटल्या मिटल्या जळत राहिले.

तिसऱ्या खेपेला वडील सोबत होते. जवळच त्यांचे डोळे तपासायचे होते, म्हणून आले. ते दारातल्या बाकावरच बसले. "जुनी मढी कशाला उकरतेस? कागद कुठे उरलेत आता?" त्यांचे सारखे चालले होते.

आज तिने सूची पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली, आणि मध्येच थबकली.

"बाबा, अहो, यात तुमचंच नाव आहे!"

"आजोबा, तुम्ही तर ठणठणीत दिसताय," कारकून हसला. "चुकून आधीच नोंद झाली की काय?"



मित्रांनो, जुनी वही हाती आली तर कोरड्या बोटाने उघडा, तिच्यावर पेला ठेवू नका, आणि एकदा उघडलीत तर ओळ अर्ध्यावर सोडू नका. तिने सोडली नाही. तिने पान काढले आणि मोठ्याने वाचू लागली. आजीचे नाव. वय छत्तीस. काम, दवाखान्यात कपडे धुणे. पतीचे नाव, रिकामे. खबर देणारा, मुलगा, वय चौदा. पुढे शाळकरी अक्षरातली सही.

तिचा आवाज खाली आला. "बाबा, ही सही तुमची आहे."

म्हातारा उठून टेबलाशी आला. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि हातातच ठेवला. वाचायची त्याला गरज नव्हती.

"दवाखान्यातून बोलावणं आलं. घरचं कुणी जाईना, म्हणून मी गेलो," तो म्हणाला. "तोवर तिचं तोंड झाकलं होतं."

"पण साथीत गेली ना ती? तुम्ही तीन वर्षांचे असताना?"

"तसं म्हणायचं घरात ठरलं होतं. मग मीही तेच म्हणत राहिलो." त्याने टेबलाची कड धरली. "तेव्हा मेली नव्हती गं ती. मला सोडून गेली होती."