डिकीतला अंधार

"बाबा, नीट आठवून बघा. काल गाडी लावल्यावर दिवे बंद केले होते का?"

मुलगी प्रेमानेच विचारत होती आणि नेमकं तेच तात्यांना लागत होतं. ती रागावली असती तर त्यांनीही आवाज चढवला असता. पण आजारी माणसाशी बोलावं तसं ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"केले होते," तात्या म्हणाले.

"मग बॅटरी परत कशी उतरली?"

महिन्याभरात गाडी सकाळी अशी निपचित पडलेली सापडण्याची ही कितवी तरी खेप होती. "सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. नुसतं दाखवून येऊ," असं म्हणून मुलगी कामावर निघून गेली. कसले डॉक्टर, ते तिने सांगितलं नाही आणि तात्यांनीही विचारलं नाही.

तात्यांची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली होती. मोठमोठे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे आणि वेळेवर बंद करायचे, एवढंच काम. साहेब त्यांना 'कुलूप' म्हणायचे. तात्यांनी बंद केलं म्हणजे बंद. परत कुणी बघायला जात नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोल दिव्यांची ही जुनी गाडी घेतली, त्यांच्याहून थोडीच लहान, आणि तिचे लाड सुरू केले. बायको अजूनही गाडीला 'सवत' म्हणायची, पण पुसायला मऊ फडकं तीच काढून द्यायची.

आणि आता दिवे बंद केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, असंही नाही. अगदी लख्ख आठवत होतं. भीती वाटत होती ती त्याचीच. न केलेलं काम केल्यासारखं आठवायला लागलं, तर माणसाने भरवसा ठेवायचा कशावर?

थोड्या वेळाने वायरिंगवाला आला. पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा सतत चालू. येताना स्वतःची चार्ज केलेली बॅटरी घेऊन आला होता. ती त्याने बसवली.

"काका, सगळं बंद करा. दारं, दिवे, सगळं."

मग त्याने बॅटरीची एक वायर सोडवली आणि मध्ये एक छोटा बल्ब जोडला. "गाडी खरंच झोपली असेल, तर हा पेटायला नको."

बल्ब पेटला. मंद, पण पेटला.

तात्या पुढे वाकले. "म्हणजे मी दिवे..."

"दिवे बंदच आहेत की, समोर दिसतायत! दुसरंच कुणीतरी चोरून खातंय."

तो एकेक फ्यूज काढत गेला. शेवटचा काढला आणि बल्ब विझला. त्या फ्यूजवर घड्याळ, हॉर्न, आतला दिवा आणि डिकीतला दिवा चालायचा. त्याने फ्यूज परत लावून घड्याळ सोडवलं, मग हॉर्न, मग आतला दिवा. बल्ब तरीही पेटलेलाच.

"राहिली डिकी."

"तो दिवा उघडल्यावर लागतो, झाकल्यावर विझतो," तात्या म्हणाले.

"झाकल्यावर विझतो, हे पाहिलंय कुणी?"

तात्यांनी डिकीकडे पाहिलं. झाकलेल्या डिकीत शिरून बघणार कोण?

वायरिंगवाल्याने बॅटरी पूर्ववत जोडली, डिकी घट्ट झाकली आणि दारात उभ्या तात्यांच्या बायकोला म्हणाला, "काकू, चहा टाका." चहा झाला, गप्पा झाल्या, मग त्याने डिकी उघडली. "हात लावा, काका. जपून हं."

डिकीतल्या दिव्याची काच चांगलीच तापली होती. तात्यांनी चटका बसेपर्यंत बोट काढलं नाही. मग ओरडले, "अगं, इकडे ये! हात लावून बघ!"

बायकोने हात लावला आणि ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

"तुम्ही झोपल्यावर मी रोज बाहेर जाऊन बघायचे," ती म्हणाली. "दिवे बंद असायचे. आणि सकाळी बॅटरी उतरलेली. मला वाटलं, मलाच भलतं दिसतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? पोरीने सोमवारी दोघांनाही नेलं असतं."

आधी वायरिंगवाला हसला, मग तात्या, आणि डोळे पुसता पुसता तीही. इतके दिवस एकाच पलंगावर दोघं आपापली भीती उशाशी घेऊन झोपत होते.

वायरिंगवाला डिकीची कड चाचपत होता. "हे रबर नवीन दिसतंय. जाड आहे, झाकण पुरतं बसत नाही. म्हणून दिव्याचा खटका दाबलाच जात नाही. कुणी आणलं हे?"

"मुलीने," तात्या म्हणाले. "गेल्या महिन्यात, माझ्या वाढदिवसाला."

त्याने खटका जरा वर उचलून बसवला. मग तात्यांच्याच मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला, झाकण लावलं आणि उघडलं. तिघांनी डोकी जुळवून पाहिलं. झाकण खाली आलं आणि काळाकुट्ट अंधार झाला. एवढा सुंदर अंधार तात्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो लगेच मुलीला पाठवून दिला.

तिचा फोन आला. "बाबा, हे काय पाठवलंय? काहीच दिसत नाहीये."

"तेच तर!" तात्या म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"रबर मीच आणलं होतं ना?"

"छान आहे रबर. राहू दे."

"सोमवारचं रद्द करते, बाबा," ती म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीसारखा भरभर येत होता.

संध्याकाळी दोघं गाडीतून लांब चक्कर मारून आले. तात्यांनी गाडी लावली, दिवे बंद केले, पायरीपर्यंत आले आणि सवयीने मागे वळले.

"कुठे निघालात?"

"दिवे बघून येतो."

"बंद केलेत ना?"

"केलेत."

"मग चला आत," बायको म्हणाली आणि गाडीकडे न बघताच तिने दार लावून घेतलं.