नाकातली गोणी

मित्रांनो, कोणाचाही विश्वास बसणार नाही, पण लोहगडाच्या वाटेवर मी एका जर्मन गाडीला हरवले आहे. हरवले म्हणजे, भाजे गावापर्यंत. पुढचे सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

मी एक जुनी निळी जपानी गाडी आहे. माझ्या घराण्यातल्या गाड्या जंगलात, चिखलात, बर्फात शर्यती मारत. म्हणून माझ्या बॉनेटवर हवा घ्यायला भलेमोठे नाक आहे आणि पाठीवर उंच पंख. मळवलीच्या बंगल्यात त्या पंखावर आता अंबूबाईंच्या साड्या वाळतात. त्यांचे यजमान सोपानभाऊ बंगला राखतात आणि दर रविवारी मला पंधरा मिनिटे चालू ठेवतात. नाकात उंदीर शिरू नयेत म्हणून तिथे गोणी कोंबलेली असते. ती आधी काढायची, मगच किल्ली फिरवायची. अकरा वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत.

आज सकाळी मालक सुहाससाहेब आले आणि मागोमाग त्यांची बहीण ज्योत्स्नाताई, काळी जर्मन गाडी घेऊन. काय तिचा रुबाब! दार लावले तरी तिजोरी मिटल्यासारखा आवाज. तिच्यात बसलेला माणूस डुलकी घेतो. माझ्या मागच्या सीटवर अंडी ठेवली, तर घरी ऑम्लेट पोचते.

ताई हसून म्हणाल्या, "दादा, हिला साड्या वाळवायलाच राहू दे."

साहेबांना ते झोंबले. लोहगडाखालच्या गायमुख खिंडीपर्यंत शर्यत ठरली.

सोपानभाऊ हळूच म्हणाले, "क्लच घसरतोय साहेब, लय वास येतो. चढाला न्हाई टिकायची."

साहेबांनी ऐकले नाही. खरे सांगायचे तर मलाही ऐकायचे नव्हते. भाज्यापर्यंत मी खड्डे तुडवत पुढे होते आणि ती पोट सांभाळत मागे. मग चढ लागला. माझ्या पोटातून धूर निघाला आणि मी जागीच थांबले. ती आवाज न करता बाजूने गेली. परत येताना तिनेच मला दोरखंडाने बांधून खाली आणले. सगळे भाजे बघत होते.

शेडमध्ये आल्यावर साहेब बहिणीला म्हणाले की सोपानने नाकातली गोणी काढलीच नाही, म्हणून गाडी गुदमरली. मग त्यांनी सोपानभाऊंपुढे हात केला.

"बंगल्याची किल्ली द्या. एक तारखेपासून दुसरीकडे काम बघा."

सोपानभाऊ खाली मान घालून उभे आहेत. आणि मीही तेच सांगते, मित्रांनो. गोणी नाकातच होती, नाहीतर मी हरणारी नव्हे. म्हणून तुम्ही आपल्या गाडीची निगा नीट राखा, आणि असल्या निष्काळजी माणसाच्या हाती ती कधीही…

शेडच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या अंबूबाईंनी सूप खाली ठेवले.

"साहेब, ती गोणी सकाळधरनं माज्या बुडाखाली हाय. ह्यांनीच काडून दिलती बसायला. माजं खरं वाटत न्हाई, तर त्या गाडीला इचारा. ती तरी खोटं न्हाई बोलायची."