दोन टाचांचा मोजा

त्या घरात दोन जावा होत्या आणि दोघींना मिळून एकच मोजा विणता यायचा. नवखं माणूस हे ऐकून हसायचं, पण होतं ते तसंच होतं. काठापासून घोट्यापर्यंतची नळी धाकटी विणायची, टाच थोरल्या वळवायच्या, आणि टाचेपुढचा तळवा आणि चवडा पुन्हा धाकटीकडे यायचा. मोजा विणायला दोन बायका लागतात, अशीच घरातल्या पोरांची बरीच वर्षं समजूत होती.

थोरल्या खालच्या मजल्यावर राहत, धाकटी वरच्या. दुपारची भांडी आवरली की धाकटी कापडी पिशवी काखेत मारून जिना उतरायची. खिडकीशी दोन खुर्च्या मांडलेल्या असत. समोर लाँड्री होती. तिथली इस्त्री फिरली की वाफेचा ढग रस्त्यावर यायचा, आणि थोरल्या न चुकता म्हणायच्या, "जाळतोय बघ कुणाचा तरी शर्ट." मग सुया निघायच्या.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा मफलर सुरू करायचा आणि कंटाळा येईपर्यंत वाढवत राहायचा, एवढंच विणकाम तिला येत होतं. थोरल्यांनी चार सुयांवर टाके चढवले आणि तिच्या हातात दिले. "गोल गोल फिरत राहा. टाच आली की हाक मार."

तिनं हाक मारली. थोरल्यांनी मोजा घेतला, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि परत आणून दिला तेव्हा सरळ नळीला पायाचा आकार आला होता. धाकटी बघतच राहिली.

"मला शिकवा ना, ताई."

"शिकून काय करायचंय? मी आहे ना."

त्या उत्तरात माया होती आणि थोडी मालकीही होती. धाकटीला दोन्ही कळत होतं. नंतर तिनं विचारणं सोडलं.

मोज्यांवाचून कुणाचं अडलं होतं असं नाही. दुकानात डझनाच्या डझन मिळत. पण लोकरीची लडी उलगडून धाकटीच्या नवऱ्याच्या दोन्ही हातांवर चढवायची, त्याला पुतळ्यासारखं उभं करायचं आणि गुंडा होईपर्यंत त्याची थट्टा करायची, ह्यात जी मजा होती ती दुकानात मिळत नव्हती. तो विजेच्या कंपनीत मीटर तपासायचा. दिवसभर लोकांचे जिने चढून यायचा आणि घरी आल्यावर हे. "वहिनी, बाहेर माझा काय दरारा आहे, तुम्हाला कल्पना नाही," तो म्हणायचा. "असेल, असेल," थोरल्या म्हणायच्या, "हात जरा वर धरा, भावजी."

भांडणंही व्हायची. एकदा माळ्यावरच्या कपाटावरून असं बिनसलं, की अख्खा हिवाळा दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण त्या हिवाळ्यातही नळी पुरी झाली की धाकटी मोजा सुयांसकट जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी तो टाच वळवून तिथंच ठेवलेला असायचा. अबोला माणसांचा होता, टाचेशी कुणाचं वाकडं नव्हतं.

अशी वर्षं गेली. थोरल्यांचे यजमान गेले, मुलं आपापल्या कामाधंद्याला दूर गेली, धाकटीचा नवरा निवृत्त झाला. धाकटीचे केस पांढरे झाले तरी थोरल्या तिला "धाकटे" अशीच हाक मारायच्या. लाँड्रीतला मुलगा त्यावर हसायचा.

आणि एका दुपारी थोरल्यांनी जो मोजा परत दिला, त्याला दोन टाचा होत्या.

एक टाच, मग बोटभर विणकाम, मग दुसरी टाच. नाकतोड्याच्या पायासारखा दिसत होता. धाकटीला वाटलं, ताईंनी गंमत केली. ती हसणार होती, तेवढ्यात तिनं वर पाहिलं. थोरल्या चष्मा पुसत समाधानानं म्हणत होत्या, "घे. छान बसलीय ह्या खेपेला."

धाकटीनं हसू गिळलं आणि मोजा पिशवीत टाकला.

वर आल्यावर नवऱ्यानं तो पायात चढवून बघितला. आधी समोरून, मग बाजूनं. "अगं, माझ्या एका पायाला दोन टाचा आहेत, असं तुम्हा दोघींना कधीपासून वाटायला लागलं?"

"हळू बोला. खाली ऐकू जाईल."

"का? वहिनींनाही सांगू की. पोट धरून हसतील."

"एक शब्द बोलायचा नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज असा काही लागला की त्यानं मोजा निमूटपणे काढून दिला.

तिला सासूबाई आठवल्या होत्या. म्हातारपणी एकदा सासूबाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि जेवताना सगळे हसले. वाईट मनानं कुणी हसलं नव्हतं. पण सासूबाई दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. मग त्यांनी पेपर वाचणं सोडलं, मग खिडकीत बसणं, आणि मग बोलणंही. शेवटची वर्षं भिंतीकडे तोंड करून काढली. त्यांचं सगळं थोरल्यांनीच केलं. तेव्हाच एकदा चादर बदलता बदलता त्या म्हणाल्या होत्या, "माझी टाच चुकली ना धाकटे, की मी त्याच दिवशी सुया खाली ठेवीन. कुणी हसायची वाट बघणार नाही."

थोरल्या बोलल्या की बोलल्या. आज ह्या मोज्याबद्दल तोंड उघडलं, तर उद्या खिडकीशी एकच खुर्ची उरेल, हे धाकटीला लख्ख दिसत होतं. तिनं दुसरी टाच गुपचूप उसवली आणि पुढचा तळवा विणून टाकला.

पुढच्या मोज्याला मात्र ते पुरलं नाही. त्याची टाच एकच होती, पण तिरकी. एका बाजूचे टाके उचललेलेच नव्हते. आता उसवून भागणार नव्हतं, नवी टाच घालायला हवी होती. आणि धाकटीला तीच तर येत नव्हती.

कुणाला विचारणार? विचारलं तर बोभाटा होणार. तिनं नवऱ्याच्या कपाटातून त्याचा आवडता करडा मोजा काढला. त्याची टाच थोरल्यांनी त्यांच्या चांगल्या दिवसांत वळवली होती. ती चवड्याकडून तो उसवत निघाली.

"धडधाकट मोजा आहे तो!" नवरा ओरडला.

"माहितीये."

"मग त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

टाचेपाशी पोचल्यावर तिनं वेग कमी केला. एक ओळ उसवायची, कुठला टाका कुठून निघाला ते बघायचं, ती ओळ पुन्हा विणायची, पुन्हा उसवायची. दोन टाके कुठं एकत्र घेतलेत, कडेचा टाका कुठं न विणता नुसता सरकवलाय, हे हळूहळू बोटांना कळायला लागलं. इतकी वर्षं ताईंनी भिंतीकडे तोंड करून काय केलं, ते तिला आता त्यांच्याच मोज्यातून वाचता येत होतं. तिची पहिली टाच चपलेएवढी झाली. दुसरीत अंडं मावलं असतं. पण चिकाटी होती, आणि पुढं टाचेसारखी टाच जमली.

मग हे सुरूच झालं. थोरल्या टाच घालून द्यायच्या, धाकटी "वा, ताई" म्हणायची, वर जाऊन ती उसवायची आणि आपली घालायची. कधी थोरल्यांची टाच चक्क बिनचूक असायची. तशा दिवशी धाकटी ती नवऱ्याला मुद्दाम दाखवायची, मुलाला मिळालेले बरे गुण दाखवावेत तशी. नवरा मान डोलवायचा. त्यानं थट्टा सोडून दिली होती.

असे बरेच मोजे झाले. त्यातला एक जोड धाकटीनं थोरल्यांनाच दिला, आणि तिथंच ती सापडली.

"धाकटे, इकडे ये."

थोरल्या खिडकीशी बसल्या होत्या. एका पायात मोजा, दुसरा हातात. हातातला त्यांनी उजेडाकडे धरला होता.

"ही टाच कुणाची?"

"तुमचीच की, ताई. दुसऱ्या कुणाची असणार?"

"मी दोन एकत्र घेऊन घटवलेल्या टाक्यांचा कल आतल्या बाजूला असतो. हे बघ, हे सगळे बाहेर कललेत. रस्त्यातली माणसं भांडण झाल्यावर एकमेकांकडे पाठ करून उभी राहतात, तसे." त्यांनी मोजा तिच्या नाकासमोर धरला. "कुणाची?"

धाकटीच्या ध्यानात आलं. ती टाच शेवटाकडून शिकली होती, त्यामुळे तिचे टाके उलटे कलत होते. इतके दिवस तिला ते दिसलंच नव्हतं.

"माझी," ती म्हणाली.

"म्हणजे माझी उसवलीस?"

"हो."

"माझ्या पाठीमागे? माझ्या हातचं?" थोरल्यांचा आवाज चढला. लाँड्रीतल्या मुलानं इस्त्री थांबवून इकडे पाहिलं. "इतकी वर्षं नीट होतं, आता माझी टाच तुला डोळ्यांत खुपायला लागली?"

"तसं नाही, ताई."

"मग कसं?"

काहीतरी बनवून सांगावं असं धाकटीच्या मनात येऊन गेलं. पण थोरल्या तिच्याकडे बघत होत्या, आणि ह्या डोळ्यांसमोर तिला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं.

"एका मोज्याला दोन टाचा होत्या," ती हळूच म्हणाली.

थोरल्यांनी तिच्या नाकासमोरचा मोजा खाली घेतला. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"दोन?"

"दोन."

"एकाच मोज्याला?"

"हो."

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सरळ तरी होत्या का?"

"दोन्ही अगदी सुरेख होत्या, ताई."

थोरल्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू झालं नाही. त्यांनी हातातला मोजा पायात चढवला, टोपलीतल्या सुया उचलल्या, लोकरीच्या गुंड्यात खोचल्या आणि टोपली पायानं खुर्चीखाली ढकलली. "ठरलं होतं ना माझं? झालं तर मग."

"ठरलं होतं ते तुमचं. माझं काय?"

"तुझं काय! तुला येते की आता टाच."

"ही असली? पाठ फिरवून उभी असलेली?" धाकटीचं मन भरून आलं होतं, पण ती रडली नाही, उलट चिडली. "मला म्हणालात, शिकून काय करायचंय, मी आहे ना. माझे केस पिकले हे ऐकत. आणि आता मी चोरून, उसवून, अर्धवट शिकले, तर तुम्ही टोपली ढकलता? खुशाल ढकला. ह्यांना हेच मोजे घालून गावभर फिरवते. विचारलं कुणी तर सांगेन, आमच्या थोरल्या जाऊबाईंची टाच आहे."

"माझं नाव घेशील?" थोरल्या ताठ झाल्या.

"घेईन."

"ह्या टाचेला?"

"ह्याच."

थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायातल्या मोज्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या चुकीच्या टाचेला आपलं नाव लागणार, हे त्यांना आपल्या चुकीपेक्षाही जड गेलं असावं. त्या वाकल्या आणि टोपली पुन्हा बाहेर ओढली.

"खुर्ची सरकव. अशी नाही, माझ्या बाजूला. समोर बसलीस तर पुन्हा उलटंच शिकशील."

धाकटीनं खुर्ची सरकवली. पहिल्यांदाच थोरल्या भिंतीकडे न वळता टाच घालायला बसल्या. त्यांची बोटं चालू झाली. बोटांना सगळं ठाऊक होतं. सरकव, वीण, दोन एकत्र, वळ. कुठं अडखळणं नव्हतं. मग मध्येच त्या थांबल्या. चेहऱ्यावर एखाद्या अनोळखी खोलीत आल्यासारखा भाव आला.

"कितवी ओळ?" त्यांनी विचारलं.

"पाचवी, ताई."

"पाचवी." बोटं पुन्हा चालू लागली. थोड्या वेळानं, न बघताच, "तू मोजत जा. मोजायला लागले की मी कुठंतरी निघून जाते. हात जात नाहीत, मीच जाते."

"मोजते."

"मोठ्यानं मोज."

धाकटी मोठ्यानं मोजू लागली. टाच पुरी झाली तेव्हा टाके आत कललेले होते, एकमेकांकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी धाकटी जरा भीतभीतच जिना उतरली. थोरल्या खिडकीशी बसलेल्या होत्या. दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. "ये," त्या म्हणाल्या, "बरं झालं आलीस. मी म्हणत होते, इतकी वर्षं झाली, तुला अजून टाच येत नाही. आज शिकवूनच टाकते."

धाकटी दारातच थबकली. ताईंच्या चेहऱ्यावर कालचं काहीच नव्हतं, ना भांडण, ना दोन टाचा.

"शिकवा ना, ताई," ती म्हणाली आणि बसली.

त्या हिवाळ्यात ती प्रत्येक मोज्याला टाच नव्यानं शिकली. टाके मोठ्यानं मोजायची, मधूनच मुद्दाम एखादा वेडगळ प्रश्न विचारायची, म्हणजे थोरल्यांना रागवायला मिळायचं आणि दुपार लांबायची. चवडा विणताना ती गप्प बसायची, कारण तेव्हा बोलायची पाळी थोरल्यांची असायची.

एकदा टाच वळवता वळवता थोरल्या थांबल्या, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि उसासा टाकला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, धाकटे," त्या म्हणाल्या, "पण तू काही पटकन शिकणाऱ्यातली नाहीस."

"नाहीच मुळी," धाकटी म्हणाली. "सातवी ओळ, ताई."