जोडउखळ

“मावशी, ह्याच्यावर नारळ फोडला का काय?”

सुदर्शनने सीपीयूचं पत्र्याचं झाकण उतरवलं होतं आणि आत टॉर्च धरून तो एकेक ऐवज बाहेर काढून टेबलावर मांडत होता. झेंडूची सुकलेली पाकळी. कुंकवात घट्ट झालेले तांदूळ. पंख्याच्या पात्याला चिकटलेली हळद. आणि मग त्या उजेडात, हिरव्या पाटीवरून, तारांच्या बोळांतून, वऱ्हाडासारखी रमतगमत निघालेली लाल मुंग्यांची रांग.

“वर नाय फोडला,” आवडाबाई म्हणाली. “म्होरं फोडला. पाणी तेवढं सांडलं वर.”

“आजी!” सायलीने कपाळाला हात लावला. “तू तर म्हणालीस, नुसतं फूल वाहिलं.”

“फूल बी वाहिलं की.”

सुदर्शन हसला. “आजवर ह्या डब्यातून पाली निघाल्या, उंदराचं घर निघालं. वारूळ पहिल्यांदाच बघतो. मुंग्यांची दिवाळी झाली मावशी, तुमच्या कृपेनं.”

आवडाबाई हसली नाही. औरंगपुऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात, प्लास्टिकच्या स्टुलावर, पदराचं टोक मुठीत धरून ती बसली होती. बाहेर आकाशकंदिलांच्या झिरमिळ्या वाऱ्यावर सळसळत होत्या. भाऊबीज परवावर आली होती.

खंडेनवमीला तिच्या सासरी आऊत पुजायचे, विळे-कोयते पुजायचे. शहरात आल्यापासून घरात अवजार म्हणून उरलं काय, तर तिचं पोळपाट-लाटणं. पोरांच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायची, पाठीचा कणा वाकेपर्यंत लाटायची. आणि दुसरं अवजार सायलीचं हे यंत्र, मुलानं, बद्रीनाथनं, कंपनीतल्या कुणाकडून जुनं आणलेलं. सायली त्यावर शिकायची, चार लोकांचं टायपिंग करायची. जे हाताला काम देतं ते पुजायचं, एवढंच आवडाबाईला ठाऊक. तिनं दोघांना एका पाटावर बसवलं, हळदीकुंकू वाहिलं आणि आऊताला फोडावा तसा नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी यंत्र उठेना. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकायची, झोपेतल्या डोळ्यासारखी. गल्लीतला एक जाणता म्हणाला, नवीन विंडोज टाकतो. अर्धं टाकलं, अडलं, आणि हात झटकून गेला. म्हणाला, आतलं सगळं गेलं, आता पाटी कोरी.

“आतलं म्हंजी?” आवडाबाईनं विचारलं होतं.

सायलीनं खाली बघून सांगितलं, “उन्हाळ्यातलं, आजी. तुझं माहेर.”

ते माहेर धरणात गेलं तेव्हा आवडाबाईच्या पदरात बद्रीनाथ रांगत होता. माणसं उठून माळावर गेली, भिंती जागेवर विरघळल्या. बायका माहेराला निघाल्या की पिशवी भरतात, बस धरतात. हिला निघायला वाटच नव्हती. वर्षानुवर्षं ती पैठणच्या रस्त्यानं येता-जाता बसच्या खिडकीतून नुसतं पाणी बघायची.

मग यंदाच्या उन्हाळ्यात तो दुष्काळ आला. नाथसागर आटत आटत मागं सरकला. शहरात गल्लोगल्ली निळे ड्रम उभे राहिले, बायपासच्या नव्या बिल्डिंगींना टँकर लागले, रात्र-रात्र नळाच्या घशात नुसती खरखर. सगळं शहर हात जोडून पाऊस मागत होतं आणि एकट्या आवडाबाईच्या मनात वेगळंच होतं. गावाची जोती उघडी पडल्याचं तिनं ऐकलं होतं. देवा, मला जाऊन येऊ दे, मग पड. असं कुणी मागतं का? तिनं मागितलं होतं, हंड्यातलं पाणी जपून वाटीनं घेता घेता.

सायली मैत्रिणीचा कॅमेरा घेऊन बरोबर आली. भेगाळलेल्या गाळातून दोघी चालत गेल्या. पायाखाली शिंपल्या वाजत होत्या. गाव होतं, पण उंचीच नव्हती त्याला. घोट्याएवढी जोती, उंबऱ्यांचे दगड, वाटा, सगळं जागच्या जागी आणि सगळं एकाच मातकट रंगाचं. गाव झोपलं होतं आणि वरून कुणी गोधडी ओढून घेतली होती. ती शोधत होती एकच दगड. तिच्या वडलांनी दारापुढं पाथरवटाकडून एकाच काळ्या दगडात दोन उखळं कोरून घेतली होती. मोठं आईचं. आणि त्याला लागून वाटीएवढं एक, आवडा आणि तिची थोरली बहीण दगडा या दोघींचं. आई मिरच्या कांडायची, त्या चिंचेचा पाला कांडायच्या. गावात जोडउखळ दुसऱ्या कुणाच्या दारी नव्हतं.

ते सापडलं नाही. ऊन चढलं. सायलीची बाटली संपत आली. शेवटी आवडाबाईचे पाय जिथं थांबले त्या उंबऱ्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, “हेच.” सायलीनं व्हिडिओ चालू केला. आवडाबाईनं ओवी धरली.

त्या रात्री सोयगावला फोन लावला. दगडाबाईचं खुब्याचं हाड मोडलेलं, ती खिडकीजवळच्या खाटेला खिळलेली. तिनं पहिलं विचारलं, “जोडउखळ हाय का गं?”

“हाय,” आवडाबाई म्हणून गेली. “जागच्या जागी हाय.”

“दिवाळीला ये तवा दाव. मला डोळ्यानं बघू दे.”

दोघींना भाऊ नव्हता. भाऊबीजेला त्या एकमेकींनाच ओवाळायच्या. यंदा ताटात माहेर ठेवायचं होतं.

सुदर्शननं चार स्क्रू काढून एक चपटी, जड डबी बाहेर घेतली. “बाकी डबा गेला तरी जाऊ द्या. माल ह्याच्यात असतो.” त्यानं तिच्या पोटाखालची पाटी उलटी करून दाखवली. नारळाच्या पाण्याचा पिवळा ओघळ सुकून तिथं गंजला होता. त्यानं स्पिरिटमध्ये बुडवून दात घासायचा जुना ब्रश फिरवला, दिव्याखाली पाटी वाळवली, मग डबी स्वतःच्या मशीनला जोडली आणि कान लावला.

“काय म्हणती?” आवडाबाईनं विचारलं.

“फिरते म्हणते.” त्यानं बोट ओठांवर ठेवलं. “आता हे कणकण चाळत बसणार. नावं, फोल्डर, सगळं पुसलंय त्या भाद्दरानं. जे सापडेल ते बिननावाचं येईल, नुसते नंबर. आणि चाळणीला मधेच हात लावायचा नाही. टाइम लगेगा मावशी. घरी जाऊन या.”

“बसते की. तुला अडचन हाय का?”

“मला कसली? जागाच अडचणीची झालीय.” त्यानं बाहेर बोट दाखवलं. “रस्ता रुंद केला तेव्हा दुकान निम्मं गेलं. ती रिक्षा उभी आहे ना, तिथं माझं काउंटर होतं. कधीकधी गिऱ्हाईक अजून तिथंच येऊन उभं राहतं. हात करून आत बोलवावं लागतं.”

आवडाबाईनं रिक्षाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “सवय व्हत नाय,” ती म्हणाली.

“नाय होत,” तो म्हणाला आणि दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप उघडून बसला.

दुपार सांडत गेली. मशीन बारीक घुमत होतं, दूरच्या घरात पहाटे दळण चालावं तसं. त्या घुमण्यानं आवडाबाईचे डोळे मिटले. ती पाण्यात उतरली. पाणी थंड नव्हतं, हिरवं होतं, आणि त्यात श्वास घेता येत होता. पदर वर तरंगत होता. वेशीतून मासे आत-बाहेर करत होते, शाळा सुटल्यासारखे. कुणाच्या तरी अंगणात दिवा लागला होता, पाण्यात न विझणारा. तिनं दारं मोजली नाहीत, ती नुसती चालत राहिली, आणि आपलाच आवाज तिला पुढून येताना ऐकू आला,

*माझ्या माहेराची वाट, पाण्याखालून गं गेली*
*मासोळी विचारिती, लेक कुणाची ही आली*

“आजी, ऊठ. ऐक ना, तूच गातेस!”

आवाज खरंच येत होता. सुदर्शनच्या पडद्यावर ती उभी होती, उंबऱ्यावर, उन्हात, डोक्यावर पदर. दोन ओळी झाल्या आणि चित्र तडकलं, चौकटी-चौकटींनी करडं होत गेलं, गाळ चढावा तसं. मग नुसता करडा पडदा आणि त्यामागून चालू राहिलेली ओवी.

“चित्र एवढंच वाचलं,” सुदर्शन म्हणाला. “आवाज सगळा आहे.”

“सापडलं ना पण!” सायलीनं तिचा खांदा हलवला. “उंबरा दिसला ना! दगडाआजीला दाखवता येईल.”

आवडाबाईचा चेहरा मात्र उतरला. दगडा फसायची नाही. ती उंबरा बघणारच नाही, ती दारापुढचा दगड शोधेल. तो नसला की काही बोलायची नाही, खिडकीकडं तोंड करील.

“अजून काय काय आलंय बघा,” सुदर्शननं फोटो सरकवायला सुरुवात केली. सायलीचं हॉलतिकीट. कुणाच्या लग्नातली जेवणाची पंगत. सायली हसताना, सायली गंभीर, सायली गालावर बोट ठेवून.

“ते पुढं घ्या ना जरा,” सायली लाजली. “हे तर मी उडवले होते!”

“उडवलेलं बी येतं मॅडम. ह्याला हवं-नको कळत नाही.”

पुढचा फोटो वाकडा होता. त्यात सायली होती, पण गळ्यापासून खाली. एक बूट पायात, एक काढून ठेवलेला. ती दगडावर टेकून तळव्यातला काटा काढत होती.

“हा आजीनं काढलेला!” सायली खिदळली. “म्हटलं माझा एक काढ, तर मुंडकंच उडवलं माझं. तेव्हाच डिलीट केला होता. पुढं घ्या.”

“थांब.”

आवडाबाई उठून पडद्याजवळ गेली होती.

“ह्यो दगड मोठा करता येतो का, बाबा?”

सुदर्शननं दगड मोठा केला. सायलीच्या मांडीशेजारी एक गोल खळगा होता, गाळानं भरलेला, वर भेगांची जाळी. आणि त्याला लागून, पोरीनं काढून ठेवलेल्या बुटाआड अर्धा लपलेला, दुसरा. वाटीएवढा.

बाहेर फुलबाज्या विकणारा ओरडत गेला.

त्या दिवशी कॅमेऱ्यातून तिनं फक्त नातीचा चेहरा शोधला होता आणि नेमका तोच निसटला होता. आणि ती स्वतः? त्या दगडापासून पंधरा पावलं असतील-नसतील, ती शेजारच्या दारात उभी राहून गात होती. आपल्या घराकडं पाठ करून.

“आता किती पाणी असंल गं तिथं?” तिनं विचारलं.

“बुडालं असेल, आजी. पुन्हा पाऊस झाला ना.”

“बरं झालं,” आवडाबाई म्हणाली. “पाऊस तर व्हायलाच पाहिजे व्हता.” आणि पदरानं तोंड पुसलं.

“मावशी, हा छापू?” सुदर्शननं दुसरा फोटो दाखवला. “ह्यात पोरगी पूर्ण आहे, मागं आभाळ बी छान आलंय. त्यात तर डोकंच नाही.”

“ह्योच छाप. हाय तसा.”

तिनं कागद दुमडला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, पोळपाटावर ठेवून, दोरीनं बांधला, आणि सोयगावच्या बसमध्ये सगळ्या वाटेभर मांडीवर आडवा धरून बसली.

भाऊबीजेच्या दुपारी दगडाबाई उशाला टेकून बसली होती. ओवाळून झालं होतं, निरांजन अजून तेवत होतं. आवडाबाईनं आधीच सांगून टाकलं, “म्या खोटं बोलले गं. मला आपलं घर घावलंच नाय. भलत्याच उंबऱ्यावर उभी राहून गायले.”

“कुणाच्या?”

“आता कळतंय. शेजारच्या मनकर्णाच्या.”

दगडाबाईनं तिच्याकडं पाहिलं, आणि तिचं बोळकं हसायला लागलं. “मनकर्णाच्या दारात? तिला जल्मात एक ओवी आली नाय! तिच्या उंबऱ्यानं तरी ऐकली.” हसता हसता खुबा दुखला तशी ती थांबली. “मग काय आनलंस?”

आवडाबाईनं दोरी सोडली आणि कागद तिच्या हातात दिला.

दगडाबाईनं तो खिडकीच्या उजेडात धरला. जवळ नेला, लांब धरला. तिच्या भुवया हळूहळू जवळ आल्या आणि कपाळाला आठी पडली.

“ही कोण पोरगी?”

“सायली. मव्ही नात.”

“तिला उठव तिथून,” दगडाबाई रागानं म्हणाली. “उखळावर बसू नये. माय बघंल ना आत्ता.”

“उठवते,” आवडाबाई म्हणाली.

दगडाबाईचं मन कागदातच होतं. तिचं बोट लहान खळग्यावर टेकलं होतं, आणि ते वर उचलून, खाली टेकवून, पुन्हा उचलून, ती अगदी हलक्या हातानं काहीतरी कांडत होती.