मेट्रनबाईंचा ड्रम

मेट्रनबाईंनी स्टूल ओढलं आणि ड्रमला पाठ लावून त्या ठाण मांडून बसल्या. समोर प्लंबर करवत घेऊन उभा होता. त्याने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा पाइपाकडे पाहिलं आणि करवत गुपचूप पिशवीत टाकली.

"अरे, काप की," कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले.

"कापतो साहेब. आधी बाईंना उठवा."

"मला इथून उठवायचं तर चौघे आणावे लागतील," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि तेही खांदा द्यायला."

इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी कॉलनीसाठी त्या मेट्रनबाईच होत्या. तोंडावर आदराने आणि पाठीमागे धाकाने. पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून या निळ्या ड्रममध्ये, ही सगळी मांडामांड त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतली होती. नळ रुसला की घरातली धुणीभांडी आणि अंगणातली झाडं याच पाण्यावर निभत. सेक्रेटरींना मात्र कॉलनीचा दर्शनी भाग एकसारखा हवा होता. सगळ्या भिंतींना एक रंग, सगळी फाटकं एका मापाची, आणि निळा ड्रम कुठेही नको.

"डास होतात हो, मेट्रनबाई."

आता मात्र त्या खरोखरच भडकल्या. उभा जन्म वॉर्डातल्या चादरींची टोकं तपासण्यात गेलेल्या बाईला कुणी अस्वच्छ म्हटलेलं कसं चालेल?

"तोंडाला दुहेरी मलमल आवळून बांधलीय मी. यातून एक डास काढून दाखवा, ड्रम मीच फोडते. मागच्या गल्लीतली डबकी तुम्हाला दिसत नाहीत, माझा ड्रम बरा दिसला!"

"अहो, पण टँकर मागवतोच की आपण."

"कुणाची तरी विहीर उपसून येतो तो. माझ्या छपरावरचं पाणी गटारात सोडायचं आणि दुसऱ्याच्या तोंडचं आणून फरशी धुवायची? मला नाही जमायचं."

सेक्रेटरींनी खालच्या आवाजात ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"तुमच्या सूनबाई परवाच हो म्हणाल्यात. म्हणून तर मी आलो."

मेट्रनबाईंची पाठ ड्रमपासून सुटली. सून कुरकुरायची, हे खरं होतं. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, कपडे कुठे वाळत घालायचे, हे रोजचंच होतं. पण घरचा वाद ती वेशीवर टांगेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. घरचंच माणूस फितूर, तर लढायचं कुणाच्या जिवावर?

तेवढ्यात पत्र्यावर टपटप सुरू झालं. बरेच दिवस उघडीप होती, आणि आता बघता बघता सर कोसळू लागली. सेक्रेटरी आणि प्लंबर पागोळ्या चुकवत भिंतीला चिकटले. फाटक वाजलं. औषधांच्या दुकानातली पाळी संपवून सून घरी आली होती. तिने तिघांकडे पाहिलं, खांद्यावरची पर्स सासूच्या मांडीवर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि पाइपाचा जोड काढून टाकला. पाण्याचा लोट ड्रमऐवजी अंगणात पडला.

"बघा," सेक्रेटरींचा चेहरा खुलला. "तरुण माणसांना लगेच पटतं."

मेट्रनबाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. "काढ बाई, काढ. तुझंच घर आहे."

मान खाली घालून बसलेल्या मेट्रनबाईंच्या पायांशी पाणी आलं. ते काळंकुट्ट होतं. त्यात धूळ होती, कुजका पाला होता, पाखरांची घाण होती. उघडिपीनंतरची पहिली सर छप्पर धुते, म्हणून ते पाणी ड्रममध्ये घ्यायचं नाही, पाइप बाजूला करून वाहू द्यायचं, हा नियम त्यांचा स्वतःचाच. भांडणाच्या भरात त्या तो साफ विसरल्या होत्या.

त्यांनी सुनेच्या हातांकडे पाहिलं. तो जोड भारी हट्टी होता. त्या स्वतः त्याच्याशी दोन्ही हातांनी झटापट करत. हिने तो न बघता, एका हिसक्यात काढला होता. हाताला सवय असल्याखेरीज हे जमत नाही. दुपारी आपला डोळा लागतो तेव्हा इथे काय चालतं, हे त्यांना आज कळलं.

भिजत उभ्या असलेल्या सुनेने ओंजळीत पाणी धरून पाहिलं आणि फेकून दिलं. थोड्या वेळाने पुन्हा धरलं. आता तळहातावरच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. तिने पाइप उचलला.

"साहेब, जरा सरका. ड्रम भरायचाय."

"अहो, पण तुम्ही तर हो म्हणाला होतात!"

"म्हणाले होते," पाइप घट्ट बसवत सून म्हणाली. "तेव्हा आमचं भांडण चालू होतं."

"ते अजून मिटलेलं नाही," मेट्रनबाई ठसक्यात म्हणाल्या, आणि उठून पदराने तिचं ओलं डोकं खसाखसा पुसू लागल्या.