पाळण्याची दांडी, नग एक

खंडेनवमीला सुनीतीने ती दांडी जरा जास्तच मनापासून घासली, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

भिंगारच्या दोन खोल्यांत तिचा संसार होता आणि त्या संसाराचं पोट एका जुन्या मोटारीवर होतं. नवरा, नृसिंह, लढाईत मिलिटरीच्या गाड्या हाकून परत आला, तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की आता कुठेतरी कारकुनी धरील. त्याने मोडीत निघालेली मोटार धरली. ती उभी केली आणि नगर ते आष्टी उतारू नेऊ लागला. "पोथ्या वाचणाऱ्यांच्या घरात हे काळं तेल कुठून आलं गं?" असं चुलतसासूबाई विचारायच्या. सुनीती हसून पदराने लेकीच्या गालावरचं तेलच पुसायची. सात महिन्यांची माला बापाच्या अंगावर गेली की तशीच यायची.

आष्टी म्हणजे मोगलाई, निजामाचा मुलूख. चिचोंडी मागे टाकली की हद्द लागे, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे त्यांची जकात. माणसांना तिथे कोणी अडवत नसे, अडे ती वस्तू. मोटार आत जाताना तीन दिवसांची चिठ्ठी मिळायची. तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मोटार हद्दीबाहेर आली नाही, तर ती विकायलाच आणली असं धरून जप्त. एकदा जप्त झालेली गाडी परत मिळाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

अष्टमीला नृसिंह देवीच्या जत्रेचे उतारू घेऊन गेला. नवमीला यायचा तो आला नाही. येईल संध्याकाळपर्यंत, असं म्हणत सुनीतीने त्याची घरी राहिलेली हत्यारं पूजेला मांडली. पाने, हातोडे, जॅक. मग तिची नजर वर गेली.

वर दोन खुंट्यांवर आडवी टाकलेली लोखंडी दांडी होती. ती होती मोटारीचा जुना आक्सल, मागचं चाक फिरवणारा दांडा, एका टोकाला थाळीसारखी चकती असलेला. अजून चालेल म्हणून नृसिंहाने ठेवला होता, आणि मालाचा जन्म झाल्यावर तोच झोळीला दिला. दांडीत एक लोखंडी कडी, कडीला जुन्या लुगड्याची झोळी. झोका दिला की कडी किरर् किरर् वाजायची. त्या आवाजाशिवाय पोर डोळा मिटत नसे.

हेही मोटारीचंच की, पूजेत हवं, असं मनाशी म्हणत सुनीतीने दांडी उतरवली. विटेच्या भुकटीने घासली, राखेने घासली, तेलाचा हात दिला. सात महिन्यांचा धूर आणि गंज निघून ती अशी झळकली की स्वतःचं तोंड दिसावं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. माला रात्रभर रडली, मांडीवरच झोपली.

दसऱ्याच्या सकाळी दारात एक धुळीने माखलेला माणूस उभा राहिला.

"डायव्हरसाह्यबाचं घर हेच का? म्या छगन. कडा गावाच्या अलीकडं माझ्या वावरापाशी मोटार बसलीया. आक्सल तुटला म्हनून सांगितलंय. घरातला जुना घेऊन ये म्हनले, आज दिवस मावळायच्या आत."

सुनीतीने बोटांवर मोजलं: अष्टमी, नवमी, दशमी. तिसरा दिवस. तिने दांडीला हात घातला, तशी शेजारची भागूबाई दारातूनच ओरडली, "अगं बाई, उत्तरपूजेच्या आधी हत्यार हलवतेस? सणासुदीचं?"

"हत्यारावरच पोट आहे, भागूबाई. देवाला कळेल." दोन अक्षता टाकून तिने देवाला निरोप दिला, आणि हळद पुसायचंही न सुचता दांडी गोणपाटात गुंडाळली. झोळी, कडी आणि माला घेतली. छगन म्हणाला, "तुमी कशाला वैनी, म्या नेतो की." पण परक्या माणसाच्या हाती संसार कसा द्यायचा?

भाजीच्या लॉरीने दोघं चिचोंडीपर्यंत आली. तिथे छगनची बैलगाडी होती. नाक्यावर पोचेपर्यंत दिवस कलला होता. छगनने बोट दाखवलं, "हितनं कोसभर. तासाभरात पोचू. जोडायला एक तास. व्हतंय बघा."

नाका म्हणजे एक कौलारू खोली, पुढे निंबाचं झाड आणि रस्त्यावर दोन खांबांवर टाकलेला आडवा बांबू. झाडाखाली बाजेवर दस्तगीर मुनशी बसले होते. पिकलेली दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, मांडीवर वही.

"गोणपाटात काय?"

सुनीती बोलायच्या आत छगन पुढे झाला. "पहार हाय साह्यब. शेतीची."

मुनशींनी गोणपाट उलगडलं. निंबाच्या कवडशात दांडी लखकन चमकली. त्यांनी चकतीवर टिचकी मारली.

"पहारीला थाळी असते का रे? जेवायला बसवतोस का तिला?"

छगन डोकं खाजवत मागे सरला. सुनीतीचे कान तापले. तिने खरं काय ते सांगितलं: मोटार, तुटलेला आक्सल, हा जुना. मुनशींनी शांतपणे ऐकलं, मग बोटाला लागलेलं हळदकुंकू तिच्यापुढे धरलं.

"बाई, नवी वस्तू घरात आली की तुम्ही लोक हळदकुंकू लावता. चाळीस वर्षं बघतोय. माल नवा आहे, कोरा करकरीत. नव्या मालाची किंमत ठरवायची आमच्या वरच्या दरोगासाहेबांनी. ते आष्टीला गेलेत, उद्या येतील."

"उद्या? अहो, आज दिवस मावळला की मोटार जाईल आमची!"

"जाईल," मुनशी म्हणाले. आवाजात दुष्टपणा नव्हता, आणि तेच जास्त भीतीचं होतं. "माझ्या हातात फक्त घरगुती वापरलेलं सामान. अंथरूण, भांडी, कपडे. ते मी सोडतो. यंत्राचा नवा भाग सोडला तर माझी नोकरी जाते. मलाही नातवंडं आहेत."

"नवा नाही हो! मी घासलाय. काल खंडेनवमी होती, पूजेसाठी घासलाय!"

"सगळे असंच म्हणतात."

आता काय दाखवायचं? गंज होता, तो तिनेच काढला. धूर होता, तो तिनेच पुसला. जुनेपणाची जी काय साक्ष होती, ती भिंगारच्या मोरीत वाहून गेली होती. निंबाची सावली बाजेच्या पायापर्यंत आली होती, बघता बघता ती पायापलीकडे गेली. तिकडे वावरात नृसिंह रस्त्याकडे डोळे लावून बसला असेल. त्याने त्या मोटारीचा एकेक खिळा हाताने ठोकला होता.

आणि मालाने भोकाड पसरलं. रात्रीची जागलेली, लॉरीत हिंदकळलेली. सुनीतीने पदराआड घेतलं, पोर तोंड फिरवी. खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. छगनने जिभेने घोड्याच्या टापा वाजवून पाहिल्या, तशी ती आणखीच किंचाळली.

"झोप आलीय तिला," मुनशी कानावर हात ठेवत म्हणाले. "झोपवा की."

"झोळीशिवाय झोपत नाही हो. आणि झोळीची दांडीच तुमच्या पुढ्यात..."

सुनीती बोलता बोलता थांबली. मग लेकीला तिने छगनच्या हातात दिलं, वाकून दांडी ओढली आणि तिच्यावर नख फिरवत गेली. इकडून तिकडे, पुन्हा उलटं. मधोमध नख अडकलं.

"मुनशीजी, बोट द्या इकडे."

"काय?"

"बोट द्या म्हणते!"

परक्या पुरुषाला असा हुकूम तिने जन्मात सोडला नव्हता. मुनशींनी अंगठा पुढे केला. दांडीच्या मधोमध, दोराएवढी रुंद, नखाला लागेल एवढीच एक खाच होती. राखेने ती निघाली नव्हती, विटेनेही नाही.

"सात महिने कडी फिरलीय इथे, रोज सकाळ-संध्याकाळ. ही बघा कडी." तिने पिशवीतून कडी काढून खाचेत बसवली. बरोबर बसली. "पटत नसेल तर टांगून बघा."

मुनशींनी वर आकाशाकडे पाहिलं, पोरीच्या लाल तोंडाकडे पाहिलं. "टांगा," ते म्हणाले.

छगनने निंबाच्या दोन खालच्या फांद्यांवर आक्सल आडवा टाकला. सुनीतीने झोळी बांधली, मालाला आत ठेवलं आणि झोका दिला. किरर्. किरर्. पोरीने दोन हुंदके गिळले. मूठ तोंडात घातली. पाचव्या-सहाव्या झोक्याला मूठ सुटली.

बैलांच्या घुंगरांचा आवाजही मोठा वाटायला लागला.

मुनशींनी वही उघडली, दौतीत टाक बुडवला. "मोटारीचा भाग म्हणाल तर दरोगासाहेब. पाळण्याची दांडी म्हणाल तर मी. काय लिहू?"

सुनीती झोका देत म्हणाली, "दोन्ही खरं आहे. आजपासून मोटारीची. कालपर्यंत पाळण्याची होती."

"मग कालपर्यंतचं लिहितो," मुनशी म्हणाले आणि लिहिता लिहिता वाचत गेले, "पाळण्याची दांडी, लोखंडी, वापरलेली, नग एक. पण बाई, घरगुती सामान आत गेलं की परत जाताना दाखवायचं. नाही दाखवलं तर विकलं असं लिहावं लागेल मला."

झोपलेल्या पोरीला उचलून ती गाडीत बसली. छगनने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. वाटभर सुनीती नुसती आपल्या सावलीची लांबी बघत होती.

नृसिंह रस्त्यावरच उभा होता. "तू आलीस?" एवढंच म्हणाला आणि दांडी घेऊन मोटारीखाली शिरला. तिने चाकाचे नट पदरात धरले, मागेल तो पाना दिला. शेवटचा नट आवळला तेव्हा सूर्य लाल होऊन टेकडीच्या जरासाच वर होता.

बांबूपाशी मोटार थांबली तेव्हा अर्धा सूर्य शिल्लक होता. मुनशींनी तो डोळ्यांनी मोजला, मोटारीच्या चिठ्ठीवर शिक्का मारला. मग वही उघडली.

"पाळण्याची दांडी?"

नृसिंहाचं तोंड उतरलं. वाटेत सुनीतीने ही अट सांगितली होती, पण त्याचं सगळं चित्त सूर्याकडे होतं. त्याने पायाशी पडलेला तुटका आक्सल उचलून झटकन पुढे केला. "ही घ्या, मुनशीजी."

मुनशींचा अंगठा लोखंडावरून हळूहळू फिरला. इकडून तिकडे, पुन्हा उलटा. कुठेही अडला नाही. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"ती नव्हे," सुनीती म्हणाली. तिने खाली पाहिलं नाही. "तुमच्या वहीतली मागच्या डाव्या चाकात आहे. तिच्याशिवाय गाडी इथवर आलीच नसती. आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

"अगं!" नृसिंह पुटपुटला.

मुनशी कंदील न घेताच मोटारीच्या मागे गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "हळू पुढे घ्या," ते ओरडले. मोटार चार हात सरकली. चाकातून बारीकसा आवाज आला, किरर्. सुनीतीच्या मांडीवर मालाने ओठ चोखल्यासारखे केले आणि झोपेतच मान वळवली.

"परत जाते आहे," मुनशींनी वहीत लिहिलं. मग तुटक्या लोखंडाकडे टाक रोखला. "आणि हे?"

"हे आजपासून पाळण्याचं," सुनीती म्हणाली.

मुनशींनी बांबू वर केला. सुनीतीने पिशवीच्या तळाशी चाचपडलं, सकाळी देवापुढून उचललेलं आपट्याचं चुरगळलेलं पान त्यांच्या वहीवर ठेवलं, आणि मोटार हद्दीबाहेर पडली.

"मुनशीला काय गरज होती सगळं सांगायची?" चिचोंडी मागे पडल्यावर नृसिंह म्हणाला. हात अजून चाकावर घट्ट होते.

"अहो, अंगठा फिरवून खाच शोधत होते ते," ती म्हणाली. "आणि हळू चालवा. उठेल ती."