शाईचं पेन चावणारी मुलगी

धाकटीच्या मेंदूतली रक्तवाहिनी रविवारी फुटली. तसं काही झालंच नाही असं समजून पुढे जाऊ. तिच्या घरात सगळे तसंच समजून चालले होते.

तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. ऑपरेशन केलं तर छातीवर व्रण राहील, घराण्यात दोष आहे असा बोभाटा होईल आणि दोघी बहिणींची लग्नं अडतील, म्हणून ते पुढे ढकलत धाकटी दहा वर्षांची झाली. जिना चढली की तिचे ओठ निळे पडत. "शाईचं पेन चावते मेली," आई शेजारणींना सांगे. शेजारणी मान डोलवत आणि नजरेने पेन शोधत.

थोरलीला स्थळ आलं. मुलाचे काका दातांचे डॉक्टर. धाकटीची किडलेली दाढ त्यांनीच काढली.

"हृदयाचा वगैरे काही त्रास?" त्यांनी आधी विचारलं होतं.

"छे हो! आमच्यात कुणाला हृदयच नाही," आई घाईत म्हणाली.

मग रोज बारीक ताप येऊ लागला. आईने थर्मामीटर शिवणाच्या डब्यात लपवला, कारण स्थळ आणणारी आत्या सारखी डोकावायची.

"वहिनी, पोरगी मलूल दिसते."

"अभ्यास करते ना."

"सुट्टीत?"

"हुशार आहे!"

रविवारी पाहुणे लग्नाचं पक्कं करायला आले. आतल्या खोलीत धाकटी डोकं धरून बसली होती. "ताई, बटण लागत नाही गं." डावा हात लोंबत होता.

"नाटकं! नेमकी आजच," आई कुजबुजली.

थोरलीने धाकटीला हसायला सांगितलं. अर्धंच तोंड हसलं.

थोरली तिला उचलून थेट पाहुण्यांसमोर आली. "हिच्या हृदयाला छिद्र आहे. लग्नाचं राहू द्या, आधी गाडी काढा."

"मला संशय होताच," आत्या म्हणाली.

काका पांढरेफटक पडले. "अहो, सांगितलं असतं तर दाढ काढण्याआधी औषध दिलं असतं!" गाडी मात्र त्यांनीच चालवली.

"दाढेतले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसले," हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथली गाठ सुटून मेंदूत गेली. रक्तवाहिनी आतून सडली, फुगली, फुटली. ताप आला तेव्हाच का नाही आणलंत?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं, आईने पंख्याकडे.

"जगेल. हाताचं आत्ता सांगता येत नाही."

"कागदावर हृदयाचं लिहाल का हो?" आईने हळूच विचारलं.

"लिहावंच लागेल."

तेव्हा इतकी वर्षं गप्प राहिलेले वडील उठले. जमिनी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढवणारे ते सरकारी कारकून. साहेबांसमोर उभे राहतात तसे हात बांधून उभे राहिले.

"मॅडम, सदर छिद्र, तापासकट, मुलीच्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावे, ही नम्र विनंती. अर्जदाराचे लग्न झालेले आहे."